त्रिशलाच्या नावाचं रक्त

आमच्या माहेरच्या बायकांना मिशी येते. घराण्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि आजवर कुणीही ती तोंडानं बोललेलं नाही. आजीला होती, आईला होती, मला आहे. साठी ओलांडल्यापासून हनुवटीवरही चार राठ केस उगवतात, ते मी उपटायच्या भानगडीत पडत नाही. माझी थोरली बहीण रोहिणी, म्हणजे आमची अक्का, तिलाही आहे. पण ती दर पंधरा दिवसांनी राजारामपुरीत जाऊन दोऱ्यानं काढून येते आणि घरी विचारलं की देवळात गेलतो म्हणून सांगते. तिच्या वरच्या ओठावर असा लालसरपणा आणणारं देऊळ अख्ख्या कोल्हापुरात कुठलं, हे तिच्या नवऱ्यानं, अण्णासोंनी, चाळीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. चांगला संसार यालाच म्हणत असावेत.

त्रिशला ही या अक्काची मुलगी. वय एकतीस. मेटलर्जीचा डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात नोकरी. आवाज खणखणीत, चाल भराभर, आणि वरच्या ओठावर व हनुवटीखाली काळे केस. बाहेरगावच्या वाचकांसाठी एक सांगून ठेवते. आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. मिशीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

कॉलेजात असताना तिला ते केस दिसू लागले आणि अक्काच्या आयुष्याला ध्येय सापडलं. आधी बेसन आणि साय. मग मसूरडाळीचा लेप, तो लावून पोरगी खोलीभर भुतासारखी हिंडायची. मग मिरजेच्या कुणा वैद्याचं मलम, त्यानं केस तसेच राहिले आणि कातडी तेवढी गेली. मग दोरा, मग मेण, मग लेसरचं पॅकेज. प्रत्येक उपायाच्या वेळी अक्का म्हणायची, “ह्यानं जाणारच.” आणि प्रत्येक वेळी पाहुणे बघायला यायच्या आदल्या दिवशी पुन्हा दोराच कामाला यायचा. या सगळ्या वर्षांत ते केस का येतात, हे एखाद्या डॉक्टरला विचारावं, असं कुणालाही सुचलं नाही. विचारलं तर उत्तर मिळायचं ना! उत्तर मिळालं की ते स्थळाकडच्यांना कळायचं. त्यापेक्षा बेसन बरं.

त्रिशलाला स्वतःला त्या केसांचं दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते लिहायला सोपं जातं, पण खरं नाही. फोटो काढताना ती नेहमी मान खाली घालायची. बसमध्ये शेजारी बाई बसली की ओढणी हनुवटीपर्यंत वर घ्यायची. फाउंड्रीत मात्र ती वेगळीच बाई असायची. तिथं भट्टीत एका वेळी वितळलेल्या लोखंडाला हीट म्हणतात. प्रत्येक हीटमधून एक बिल्ल्याएवढा नमुना काढतात, त्यावर नंबर घालतात आणि तो त्रिशलाच्या टेबलावर येतो. त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे पाहून ती माल पास करते नाहीतर नापास. एका सुपरवायझरनं एकदा बिघडलेल्या हीटच्या नावानं चांगल्या हीटचा नमुना पाठवला होता. तिनं तो ओळखला आणि सगळा माल परत भट्टीत घालायला लावला. तो माणूस अजूनही तिला रस्त्यात बघून स्कूटर वळवतो म्हणे.

तर गेल्या चातुर्मासात चिरागचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, वारणानगरला नोकरी, आईबाप जयसिंगपूरला. बघण्याचा कार्यक्रम अक्काच्या घरी झाला. आम्ही जैन, त्यात चातुर्मास, त्यामुळे कांदेपोह्यांतले कांदे वजा. मुलाच्या आईनं त्रिशलाला मुद्दाम ट्यूबलाइटच्या खाली बसवून घेतलं. सोनाराकडं बाई मंगळसूत्र पारखते तसं तिनं पोरीचं तोंड डावीकडून, उजवीकडून पाहून घेतलं. आदल्या दिवशीच्या दोऱ्याचा लाल पट्टा काही तिच्या नजरेतून सुटला नाही. तो तिच्या स्वतःच्या ओठावरही होता, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मग दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तिथं त्रिशलानं त्याला सरळ सांगून टाकलं, “मला केस येतात. काढतो मी. तुमास्नी चालत नसंल तर आत्ताच सांगा.” तो हसला आणि म्हणाला, “माझ्या आत्याला पण हायत. मला काय वाटत न्हाय त्याचं.”

एवढंच वाक्य. पण त्या एका वाक्यावर ती पोरगी आठवडाभर तरंगत होती. मला फोन करून तिनं ते तीनदा सांगितलं. आधीच्या सगळ्या स्थळांत तिनं हरकत घेतली नव्हती की हट्ट धरला नव्हता, भाजी निवडावी तसं ते काम उरकलं होतं. हे स्थळ तिला हवं होतं. मनापासून हवं होतं. मला फार आनंद झाला आणि तितकीच भीतीही वाटली.

पत्रिका जुळली, पण चिरागच्या आईचं समाधान होईना. तिनं फोनवर अक्काला सांगितलं, “आजकाल हार्मोनचं लय असतंय म्हणं. पुढं मूलबाळ व्हायला अडचण नको. एकदा पोरीचा रिपोर्ट बघू, मग सुपारी फोडू.”

म्हणून, केस यायला लागल्यापासून पहिल्यांदाच, त्रिशलाला हार्मोनच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरबाई त्रिशलाला विचारत होत्या आणि उत्तरं अक्का देत होती. केस अचानक आले की हळूहळू? हळूहळू. पाळी वेळेवर येते का? घड्याळ लावावं तशी. आवाज बदलला, वजन एकदम वाढलं, असं काही? छे छे.

“घरात आणखी कुणाला असे केस आहेत?”

“कुणालाबी न्हाय,” अक्का म्हणाली.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आपली खिडकीबाहेर पाहत राहिले. मग त्यांनी अक्काच्या ओठाकडे पाहिलं, पण फार सभ्य बाई, काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्रिशलाला समजावून सांगितलं, की अशा पुष्कळ बायकांत हार्मोनचं थोडं मागंपुढं झालेलं असतं, काहींत सगळं जागच्या जागी असूनही केस येतात, घराण्यातली ठेवण असते. क्वचित कुठं खरा आजार निघतो, म्हणून एकदा रक्त तपासायचं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सकाळी. सोबत थायरॉईडही बघू. “आणि हा रिपोर्ट तुझ्यासाठी आहे बरं का,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला दाखवण्यासाठी नाही.”

अक्कानं मान डोलावली आणि घरी येऊन तडक चिरागच्या आईला फोन लावला. “आमी रिपोर्टला हात पण लावणार न्हाय बघा. लॅबवाल्यांना तुमचाच नंबर देतो. थेट तुमच्या मोबाईलवर येईल.” एवढा आत्मविश्वास कुठून आला, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या गुरुवारी कळलं.

अक्काच्या घरात आणखी एक बाई आहे, रुचिता. मुलगा अभिनंदनची बायको, निपाणीकडची. लग्नाला चार वर्षं झाली. बोलायला हळू, चालायला हळू, दुपारी डोळा लागला की संध्याकाळपर्यंत जाग नाही. एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसणारी माझ्या पाहण्यातली ही पहिलीच सून. अक्का तिला तोंडावर आळशी म्हणायची. मूल होत नाही म्हणून पद्मावती देवीला साडी नेसवून झाली, उपास झाले, दोन ठिकाणचे गंडे झाले. पण तिचं एक अक्काला मनापासून आवडायचं, ते म्हणजे तिचा चेहरा. गोल, गुबगुबीत, तुकतुकीत, एक केस दिसायचा नाही. भुवयासुद्धा अर्ध्यावर संपलेल्या. “तोंड कसं हाय बघ,” असं अक्का त्रिशलाच्या देखत म्हणायची.

अक्काच्या घरात पाळीच्या दिवसांत बायका अजूनही बाजूला बसतात. मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. त्रिशला नोकरीचं निमित्त सांगून यातून कधीच सुटली. रुचिता सुटली नव्हती. गुरुवारी ती मागच्या खोलीत दुसऱ्या दिवसाची बसली होती. त्रिशला पहाटेच्या शिफ्टला शिरोलीला गेली होती, तिचे दिवस यायला अजून अवकाश होता. आणि अक्कानं लॅबवाल्या बाईला घरी बोलावलं.

आता पुढचं दृश्य मी पाहिलेलं नाही, पण रुचितानं नंतर मला सांगितलं ते असं. लॅबची बाई मागच्या खोलीच्या दारात आली. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं, त्रिशला अण्णासो मगदूम, वय एकतीस, चेहऱ्यावर जास्तीचे केस. समोर चटईवर केसांचं नावनिशाण नसलेली रुचिता. बाईनं एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा रुचिताकडे.

“ह्याच का त्रिशला?”

“व्हय, हीच की,” अक्का उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. शिवायचं नव्हतं ना!

शिवाशीव अशी पाळली जात होती आणि खोटं मात्र त्याच उंबऱ्यावरून खुशाल बोललं जात होतं. लॅबवाल्या बाईला वाटलं असेल, पार्लर चांगलं दिसतंय. तिनं रक्त काढलं, बाटलीवर त्रिशलाचं नाव चिकटवलं आणि गेली. रुचिताला कुणी विचारलंच नव्हतं. सासूनं हात पुढं कर म्हटलं, तिनं केला.

त्रिशला तिसऱ्या प्रहरी घरी आली तेव्हा मी तिथंच होते, अक्कानं सांडगे न्यायला बोलावलं होतं. अक्का खुशीत होती.

“झालं बघ तुझं काम. रक्त गेलं लॅबला.”

“कुणाचं रक्त? मी तर फॅक्टरीत होतो की.”

“रुचिताचं दिलं. न्हाईतर तुझ्यात काय निघालं म्हंजे? ती पण घरातलीच हाय. घरचंच रक्त की ते.”

चार वर्षांत सुनेचं रक्त घरचं ठरण्याची ही पहिलीच वेळ.

त्रिशलानं डबा ओट्यावर आपटला. तिला एवढं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “आई, माझ्या कामात हे कुणी केलं तर मी त्याला गेटबाहेर काढतो. नमुना बदलतीस? माझ्या नावावर?” तिनं जागच्या जागी लॅबला फोन लावला. पलीकडून मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, तुमचा रिपोर्ट तयार झाला की. दिलेल्या नंबरवर दुपारीच पाठवला.”

अक्कानं समाधानानं हात पुसले. तेवढ्यात तिचाच फोन वाजला. चिरागची आई.

तिचा आवाज इतका मोठा होता की स्पीकरची गरज नव्हती. “अहो रोहिणीताई, ह्यात किती लाल अक्षरं हायत! थायरॉईड बघा कुठल्या कुठं गेलंय. अजून एक कायतरी प्रोलॅक्टिन म्हणून हाय, ते पण वाढलंय. आमच्या नात्यातल्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतोय मूल व्हायला वांदा. असली पोरगी आमच्या गळ्यात मारत होता व्हय?”

अक्का मटकन खुर्चीवर बसली. जिच्यात काही निघू नये म्हणून जिला लपवलं तिचं रक्त अजून अंगातच होतं, आणि जिच्यात काही निघणंच शक्य नाही म्हणून जिला पुढं केलं तिच्या रक्तात सगळं निघालं होतं. मला हसू आवरेना. मग मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. रुचिता दारात उभी होती, अंगाभोवती शाल, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. माझं हसू तिथंच मेलं.

त्रिशलानं तो रिपोर्ट चिरागकडून मागवून घेतला आणि डॉक्टरबाईंना पाठवला. रक्त वहिनीचं आहे हेही सांगितलं. त्यांचा फोन लगेच आला. “त्यांना थंडी वाजते? दमतात? केस गळतात? भुवया विरळ झाल्यात? तोंड सुजल्यासारखं दिसतं?” त्रिशला एकेका प्रश्नाला हो म्हणत गेली. जो चेहरा आमच्या अक्कानं नमुना म्हणून पुढं केला होता तो निरोगी नव्हताच, तो सुजलेला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, “थायरॉईड जवळजवळ कामच करत नाहीये. घाबरायचं कारण नाही, रोज सकाळी एक छोटी गोळी घ्यावी लागेल. मूल न होण्याचं कारणही बहुधा हेच असेल. पण त्यांना लवकर घेऊन या. हे असंच सोडून चालणार नाही.”

एखाद्या घरात यावर पेढे वाटले असते. चार वर्षांच्या गंड्यांचं उत्तर एका गोळीत सापडलं होतं. अक्कानं मात्र कपाळावर हात मारला. “रोगी पोरगी दिली आमास्नी निपाणीकरांनी. फसवलं. आता औषध तिच्या बापानं करायचं. ने रे तिला पोचवून.”

अभिनंदन मोबाईलमध्ये बघत होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, “थोडे दिवस जा की. आईचा राग उतरू दे.” नवरा म्हणून या मुलाचं चार वर्षांतलं हे सर्वांत लांबलचक भाषण.

अण्णासो म्हणाले, “आधी त्रिशलाचं मार्गी लागू दे.” म्हणजे सुनेला घालवायचं, पण मांडव पडल्यावर. त्रिशला वहिनीला म्हणाली, “वैनी, उद्याच्या उद्या डॉक्टरकडं चल. मी नेतो.” रुचितानं मान हलवली. “नको. दवाखान्यात गेलो की ते खरं झालं. मग हे मला निपाणीलाच ठेवतील.” आणि ती पुन्हा तिच्या चटईवर जाऊन बसली. चटईचे दिवस संपले तरी ती तिथंच बसायची.

पुढच्या आठवड्यात त्रिशलाचे दिवस आले. ती स्वतः लॅबमध्ये गेली, ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि आपलं रक्त देऊन आली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. सगळं जागच्या जागी. एक अक्षर लाल नाही. हार्मोन उत्तम आणि मिशी शाबूत. आमच्या घराण्याची ठेवण, आणखी काय!

अक्काच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. तिनं चिरागच्या घरी फोन करून सांगितलं, लॅबची चूक झाली, खरा रिपोर्ट आलाय, रविवारी या, सगळं समजावून सांगतो. आणि त्रिशलाला हात जोडून म्हणाली, “तू काय बोलू नको. मी बोलतो. तुझं होऊ दे एकदाचं.”

त्रिशलानं तिचे जोडलेले हात सोडवले. तिलाही ते व्हायला हवं होतं. शनिवारी रात्री तिनं मला विचारलं, “मावशी, आई वैनीचं नाव घेईल का गं?” मी म्हटलं, “घेईलच.”  मग ती म्हणाली, “चिराग बोलंल की कायतरी. तो तसा न्हाय.”

रविवारी ते तिघं आले, चिराग, त्याची आई, त्याचे वडील. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून अक्कानं चारलाच पानं मांडली. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं, ताटाजवळ एक मुंगी आली तर अण्णासोंनी ती कागदावर घेऊन अलगद बाहेर सोडली. मग अक्कानं रिपोर्ट पुढं केला.

“हा माझ्या पोरीचा. बघा, काय म्हंजे काय न्हाय. तो आधीचा आमच्या सुनेचा. चुकून तिचं रक्त गेलतं. दोष सगळा तिच्यात हाय.”

चिरागच्या आईनं रिपोर्ट वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. तिचा चेहरा उजळला. रक्त चुकून कसं जातं, हे तिनं विचारलंच नाही. “म्हंजे पोरगी चांगली हाय की! मग आमचं काय म्हणणं न्हाय. आजच सुपारी फोडू.” मग आवाज खाली करून, म्हणजे शेजारच्या घरात जाईल एवढाच ठेवून, ती अक्काला म्हणाली, “आणि एक सांगू? ती सून लवकर वाटंला लावा. अजून मूल न्हाय ते बरंच हाय. पोरगा तरणा हाय तुमचा, दुसरी मिळंल.”

अक्का म्हणाली, “तेच चाललंय आमचं.”

स्वयंपाकघराच्या दारात रुचिता खिरीच्या वाट्या घेऊन उभी होती. तिनं ट्रे जमिनीवर ठेवला, सांडू न देता, आणि तिथंच भिंतीला टेकली. मुंगी सोडून आलेले अण्णासो हात धूत होते. मला त्या क्षणी माझ्या सख्ख्या बहिणीची लाज वाटली. मी काही बोलणार तेवढ्यात त्रिशला बोलली. आईशी नव्हे, चिरागशी.

“तुमास्नी काय वाटतंय?”

तो दचकला. “मला? त्यात माझं काय. तुमच्या घरातलं हाय ते.”

“आणि उद्या तुमच्या घरात मला थायरॉईड झालं तर?”

त्यानं आईकडे पाहिलं. आईच म्हणाली, “तुला कशाला होईल? रिपोर्ट चांगला आलाय की तुझा.”

“रिपोर्ट त्या दिवसाचा असतोय, काकू. जन्माचा नसतोय.” त्रिशला अजून चिरागकडेच बघत होती. “मी तुमास्नी विचारलं.”

चिराग ताटातल्या पुरीकडे बघत म्हणाला, “आई म्हणती ते बघू की मग.”

त्रिशलानं एक क्षण डोळे मिटले. मग तिनं चिरागच्या आईच्या हातातला रिपोर्ट काढून घेतला. “मला हे स्थळ नको. आज वैनीला वाटंला लावा म्हणताय, उद्या मला लावाल. पानावरनं उठवत न्हाय मी, जेवून घ्या.”

“अगं बाई!” चिरागची आई उसळली. “मिशा आलेल्या पोरीला एवढा माज?”

“मिशी माझी एकटीची न्हाय,” त्रिशला म्हणाली. “आज्जीची हाय, मावशीची हाय, आईची हाय. तुमची पण हाय, कालच दोरा फिरवलाय तुमी.”

चिरागच्या वडिलांनी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच बायकोच्या ओठाकडे नीट पाहिलं. अण्णासो अक्काकडे पाहत होते. अक्कानं पदर तोंडाला लावला. साठ वर्षं जे वाक्य आमच्या घराण्यात कुणी उच्चारलं नव्हतं, ते ताटं मांडलेली असताना पाहुण्यांसमोर बोललं गेलं होतं. मी मात्र खीर घेतली. फार छान झाली होती.

पाहुणे गेल्यावर अक्कानं रडून घर डोक्यावर घेतलं. त्रिशला माझ्या मागं माझ्या घरी आली. दार लावलं आणि मग ती रडली. केसांसाठी नाही, स्थळासाठीही नाही. “एकदा तरी तोंड उघडायचं की त्यानं, मावशी. एकच वाक्य बोलायचं. गच्चीवर बोलला तसं.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. अशा वेळी शहाणपणाचं काही बोलावं असं लोक म्हणतात.  मला मात्र त्या पोराला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशला घरी परतली तर रुचिता आपण होऊन चप्पल घालून दारात उभी राहिली आणि त्रिशलाला म्हणाली, “चल. दवाखान्यात नेतो म्हटलीवतीस.” अक्का आतून ओरडली, “बॅग घेऊन जा मग, निपाणीची.” रुचितानं बॅग घेतली नाही. पहिल्यांदाच त्या घरात तिनं कुणाचं तरी ऐकलं नाही. अभिनंदन मागून गाडी घेऊन गेला, पण दवाखान्याच्या बाहेरच उभा राहिला, फोनवर बोलत. तेही काही कमी नाही म्हणायचं.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. त्रिशलाला स्थळं येतात, काही जातात. रिपोर्ट मागितला की ती म्हणते, आधी तुमच्या मुलाचा पाठवा, आणि पुढचा फोन येत नाही. ती फोटोत मान अजून खालीच घालते. सगळं एकदम सुधारत नाही.

परवा अक्का माझ्याकडे आली. आली ती थेट आत येऊन बसली, पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणाली, “रुचिता लय बोलाय लागलीया. पहाटं उठती, काम आटपती आणि वर मला विचारती, आई, माझं नाव सांगून पुन्हा कुणाला काय सांगितलं का. त्रिशला तिलाच सामील. परवा रुचिता अभिनंदनला म्हणाली, भाड्यानं वेगळी खोली घेऊया. पोरगं हो म्हणालं! आधी कशी गप असायची. ती चटईवर बसली की घरात हाय का न्हाय कळायचं न्हाय.”

मी चहा ठेवला.

अक्का जरा पुढं सरकली आणि हळूच म्हणाली, “त्या डॉक्टरीणबाई तुझ्या ओळखीच्या हायत न्हवं. विचार की, ती गोळी आता बंद केली तर चालंल का.”

“न्हाय गं अक्का,” मी म्हटलं. “ती जन्मभर घ्यावी लागती.”

“जन्मभर?”

“जन्मभर,” मी म्हटलं आणि तिच्या चहात साखर घातली.